उसने ब्रेक

मिस्त्रींच्या घरातली एकही वस्तू धड एका कुळातली नाही. मिक्सरचं बटण जुन्या रेडिओचं आहे, न्हाणीघराची कडी मुळात एका कपाटाची, आणि इस्त्रीच्या वायरीने आधी दोन टेबलफॅन पोसलेले आहेत. त्यांच्या बायकोला आता कशाचं नवल वाटत नाही. पाहुणे आले की ती आधीच सांगून ठेवते, "दिवा लावायचा असेल तर घंटीचं बटण दाबा, आणि मला बोलवायचं असेल तर सरळ हाक मारा." मिस्त्रींना यात हसण्यासारखं काही दिसत नाही. त्यांच्या मते वस्तू कधी मोडत नाही, तिच्यातला एखादा भाग दमतो. आणि जगात कुठे ना कुठे तोच भाग ताज्या दमाचा, बिनकामाचा बसलेला असतो. त्याला हुडकून काढायचा आणि कामाला लावायचा.

हीच विद्या त्यांनी शहर बससेवेच्या डेपोत अडतीस वर्षं चालवली. एकोणिसाव्या वर्षी चाकं धुवायला लागले, आता ब्रेकचे मुख्य मिस्त्री. उजव्या हाताचा अंगठा एका ड्रमखाली सापडून चपटा झालेला, आणि त्या चपट्या अंगठ्याने पाइपावर टिचकी मारून ते हवा कुठे गळते आहे ते सांगत. गेटच्या आत एक काळी पाटी होती, तिच्यावर "आज उभ्या गाड्या" असं रंगाने लिहिलेलं आणि पुढे खडूने आकडा. मोठ्या साहेबांचा सगळा जीव त्या आकड्यात. आकडा शून्य असला की साहेब मिस्त्रींना "कसं काय" विचारत, एक असला की "काय हे" म्हणत, आणि दोन झाला की बोलतच नसत.

आकडा शून्य राहायचा तो स्टोअरच्या कृपेने नव्हे. स्टोअरच्या खिडकीशी जाऊन एखादा भाग मागितला की आतून आवाज येई, "मागणी पाठवली आहे." ती मागणी कुठल्या वाटेने जायची देव जाणे, पण येताना तीन-चार महिने तरी लावायची. तोवर गाडी उभी ठेवायची? मिस्त्री मागच्या शेडकडे बघत. तिथे एखादी गाडी गिअरबॉक्स उघडून महिनाभर पडलेली असे. तिचा ब्रेकचा व्हॉल्व्ह नुसताच लटकतोय. काढा तो, लावा धावणाऱ्या गाडीला. उभ्या गाडीची धावायची वेळ आली की तिच्यासाठी आणखी कुणाचा तरी. मोडीत निघालेल्या जुन्या गाड्यांचे चांगले भागही त्यांनी असेच जपून ठेवले होते. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसा हा व्यवहार, म्हणून डेपोत त्याला उसनवारी म्हणत. कागदोपत्री उसनवारी होतच नव्हती, कारण नियमाप्रमाणे भाग फक्त स्टोअरमधूनच निघू शकतो. जे होऊच शकत नाही त्याची नोंद कोण करणार?

आणि या सगळ्यात एक मेहुणा.

मेहुणा म्हणजे मिस्त्रीणबाईंचा धाकटा भाऊ. याच डेपोत ड्रायव्हर. त्याला उशी उंच वाटते, चहा पातळ वाटतो, वारा आला तर वारा आणि थांबला तर उकाडा. डेपोत त्याचं नाव पडलं होतं अर्जदार. त्याच्याकडे तेवीस नंबरची गाडी होती आणि तिचा मार्ग टेकडीवरच्या हॉस्पिटलातून उतरून थेट भाजीबाजारात शिरायचा. गेल्या सात महिन्यांत त्याने तक्रारवहीत अकरा वेळा लिहिलं होतं, "ब्रेक उशिरा लागतो." आणि मिस्त्रींनी अकरा वेळा खाली लिहिलं होतं, "तपासले. ठीक."

"भावजी," तो म्हणायचा, "मी पाय ठेवतो ना, गाडी क्षणभर विचार करते. थांबू का नको. मग थांबते."

"गाडी विचार करते आणि तू करत नाहीस, एवढाच तुम्हा दोघांत फरक आहे," मिस्त्री म्हणायचे. मग डेपोच्या सपाट अंगणात तेवीस नंबर तीनदा पळवून तीनदा थांबवून दाखवायचे. "कुठे केला विचार?"

"इथे नाही करत. टेकडी उतरल्यावर करते."

"मग टेकडीला सांग."

असं सात महिने चाललं होतं, आणि एका सोमवारी बसकंपनीचं पत्र आलं.

खरं म्हणजे ते पाच महिन्यांपूर्वीच निघालेलं होतं. पण पत्र होतं आधीच्या साहेबांच्या नावाने, ते बदलून गेलेले, म्हणून पत्रही त्यांच्यामागे गेलं. त्यांनी "आमच्याशी संबंध नाही" असं लिहून परत पाठवलं. पत्रात होतं की अमुक ते अमुक चासी नंबरच्या गाड्यांत मागच्या चाकांना हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधल्या रबरी कडीमुळे विशिष्ट परिस्थितीत ब्रेकची प्रतिक्रिया विलंबित होण्याची शक्यता नाकारता येत नाही, सबब कंपनी या गाड्यांचा रिकॉल करत आहे. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि मिस्त्रींकडे दिलं. मिस्त्रींनी ते एकदाच वाचलं.

"ब्रेक उशिरा लागतो म्हणतायत," ते म्हणाले.

"असं कुठे लिहिलंय?"

"साहेब, एवढं मोठं वाक्य दुसरं कशासाठी लिहितात?"

या डेपोतल्या चौदा गाड्या यादीत होत्या. ड्रायव्हर लोकांना चेष्टेला विषय मिळाला. कंपनीने चौदा लेकी माहेरी बोलावल्या म्हणाले. पण लेकी कुठे गेल्या नाहीत, माहेरच इकडे आलं. कंपनीने एक इंजिनियरबाई पाठवल्या. पस्तिशीच्या, आठवड्यात तीन गावं करून पाय सुजलेल्या, हातात पाटीएवढा टॅब. त्यांच्याबरोबर चौदा नवे व्हॉल्व्ह आणि चौदा हिरवे स्टिकर होते. यादीतली गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर यायची, डेपोचे दोन फिटर जुना व्हॉल्व्ह काढून एका लाकडी खोक्यात टाकायचे, नवा लावायचे, बाई टॅबवर बोट टेकवायच्या, आणि काचेवर "दुरुस्ती पूर्ण" असा हिरवा स्टिकर लागायचा. तेवीस नंबर यादीत नव्हती. मेहुण्याने तिथेही अर्ज केलाच.

"बाई, माझ्या गाडीचंही बघा ना. विचार करते."

"चासी नंबर?" त्याने सांगितला. बाईंनी टॅब बघितला. "तुमची गाडी सुरक्षित आहे."

"ती सुरक्षित असेल हो. मी नाहीये."

फिटर हसले. मिस्त्रीही हसले.

गुरुवारी दुपारी चौदावी गाडी खड्ड्यावरून उतरली. बाई कँटीनमध्ये बसल्या होत्या आणि मिस्त्री खोक्याजवळून जात होते. दमलेल्या भागांकडे बघितल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नाही, हे घरातही तसंच. त्यांनी वाकून एक व्हॉल्व्ह उचलला. मग दुसरा. मग ते उकिडवे बसले आणि एकेक काढून फरशीवर मांडायला लागले.

नऊ व्हॉल्व्ह वेगळे होते. बोथट कडांचे, वजनाला जड, पितळी पट्टी बसवलेले. जुन्या बनावटीचे, ज्यांत कसलाही दोष नव्हता आणि ज्यांच्याविषयी पत्रात अवाक्षर नव्हतं. मिस्त्री त्यांना नावानिशी ओळखत होते, कारण मोडीतल्या गाड्यांमधून ते त्यांनीच काढले होते, घासले होते, आणि एकेक करून या गाड्यांना त्यांनीच बसवले होते. म्हणजे कंपनीने तीन दिवस खपून नऊ चांगले व्हॉल्व्ह काढून टाकले होते. आणि जे नऊ दुखणेकरी शोधायला ती आली होती ते उसनवारीत दुसऱ्याच गाड्यांना लागून अजून शहरात प्रवासी घेऊन हिंडत होते, आणि त्या गाड्यांच्या काचेवर हिरवं काय, कुठल्याच रंगाचं काही नव्हतं.

एक्केचाळीस नंबर यादीत होती. गेल्या वर्षी ती गिअरबॉक्स उघडून मागे पडली होती, तेव्हा तिचा व्हॉल्व्ह कुणाला दिला होता हे आठवायला मिस्त्रींना कष्ट पडले नाहीत.

तेवीसला.

साहेबांच्या खोलीत ते हात न पुसताच गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं आणि म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही मला हे सांगितलंच नाही असं समजा."

"पण साहेब, मी सांगितलं."

"म्हणूनच म्हणतो, समजा. कंपनीच्या करारात काय आहे माहीत आहे? स्टोअरबाहेरचा भाग एका गाडीत सापडला तर सगळ्या गाड्यांची हमी रद्द. सगळ्या. आणि कुणी लावला हा प्रश्न येईल. मग काय, मी सांगू मी लावला?"

"मी लावला. नऊ गाड्या आहेत साहेब. सगळ्या कोणत्या तेही आठवत नाही. खाली शिरून नंबर वाचायला हवेत."

"अकरा वेळा तुम्हीच लिहिलंय, तपासले, ठीक. कालपर्यंत ठीक होतं ना? बाई उद्या जातील. मग आपण सावकाश, आपल्या आपण, एकेक करून बदलू. कागद नको. व्हॉल्व्हची मागणी पाठवू."

मागणी पाठवू. मिस्त्रींना हसू आलं की काय आलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी कंपनीच्या मदतक्रमांकाला फोन लावला. आधी गाणं वाजलं, मग एका गोड आवाजाने चासी नंबर विचारला. त्यांनी तेवीसचा सांगितला.

"अभिनंदन, आपली गाडी रिकॉलच्या यादीत नाही."

"यादीत नाही, पण व्हॉल्व्ह यादीतला आहे."

"आपण दुसरा चासी नंबर देऊ इच्छिता का?"

"अहो, चासीला काही झालेलं नाही. व्हॉल्व्हला झालंय. व्हॉल्व्ह काढता येतो. दोन नटांवर असतो."

"आपली गाडी सुरक्षित आहे. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

"आणखी?" मिस्त्री म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

बायको भाजी निवडता निवडता ऐकत होती. "झालंय काय नक्की, मला कळेल असं सांगा."

त्यांनी सांगितलं. तिने देठ मोडत क्षणभर विचार केला. "म्हणजे कंपनी म्हणते अमुक वर्षी घेतलेल्या कुकरांच्या शिट्ट्या वाईट आहेत, आणून द्या. मी माझा कुकर नेऊन दिला. पण माझी शिट्टी तर तुम्ही तीन वर्षांपूर्वी शेजारच्या वहिनींना बसवून दिलीत."

"तसंच."

"आणि वहिनी रोज निवांत कुकर लावतायत."

"हं."

"मग तुम्ही इथे काय बसलात? जाऊन त्यांचा गॅस बंद करा." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "ती गाडी आमच्या अर्जदाराकडे आहे ना?"

मिस्त्रींनी मान डोलावली. ती उठली आणि भाजीचं ताट इतकं हळू ठेवलं की तिने ते आपटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. "सात महिने तो माझ्याकडे येऊन रडतोय," ती म्हणाली, "आणि मी त्याला सांगत होते, तुझे भावजी बघतील. तुझे भावजी चुकायचे नाहीत."

डेपोचा एक जुना नियम होता. सकाळी गाडी बाहेर पडताना ड्रायव्हरकडे ब्रेकच्या मिस्त्रीच्या सहीची चिठ्ठी लागायची, ती बघितल्याशिवाय गेटवाला दांडा उचलत नसे. आजवर सही म्हणजे चहाचा घोट घेता घेता करायची गोष्ट. शुक्रवारी पहाटे पाचला तेवीस नंबर पहिली आली. मेहुण्याने खिडकीतून चिठ्ठी पुढे केली.

"सही नाही," मिस्त्री म्हणाले. "खाली उतर."

"का? काल तर मी काही लिहिलंसुद्धा नाही."

"तुझी गाडी खरंच विचार करते."

मेहुणा खाली उतरला. त्याच्या तोंडावर आधी जिंकल्याचा आनंद आला, मग तो मावळत गेला. "म्हणजे मी सात महिने..."

"हो."

"आणि तुम्ही मला टेकडीला सांग म्हणालात."

"हो, म्हणालो. बाजूला उभा राहा, मागची येतेय."

मागच्या गाडीलाही सही मिळाली नाही, आणि तिच्या मागच्यालाही. फक्त हिरवा स्टिकर लावलेल्या चौदा गाड्या, ज्यांचं मिस्त्रींना खात्रीने माहीत होतं, त्या बाहेर पडल्या. बाकी चोपन्न अंगणात रांगेने घुरघुरत उभ्या राहिल्या. ड्रायव्हर कुरकुरायला लागले, कंडक्टर खाली उतरून चहा प्यायला लागले, कुणीतरी काळ्या पाटीवर चोपन्न हा आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. साहेब सहाला धावत आले, शर्टाचं एक बटण वर एक खाली.

"मिस्त्री, थांब्यांवर लोक उभे आहेत. फोनवर फोन येतायत."

"मला प्रत्येक गाडीखाली शिरू द्या. नंबर वाचला की सही."

"एकेका गाडीला किती वेळ?"

"घासून पुसून वाचायला अर्धा तास. दोन खड्डे आहेत. पाचलाच सुरू केलं असतं तर चार झाल्या असत्या."

साहेब वळून दुसऱ्या फिटरला म्हणाले, "तू कर रे सही." तो फिटर पंधरा वर्षं मिस्त्रींच्या हाताखाली होता. त्याने हात फडक्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि म्हणाला, "साहेब, त्यांनी लावलेलं त्यांना ठाऊक. मी कशावर करू?" गेटवाला दांड्याला टेकून शांतपणे दाढी खाजवत होता. त्याला चिठ्ठीशी मतलब.

इंजिनियरबाई सातला खोकं न्यायला आल्या, तेव्हा गाड्यांच्या रांगेत त्यांची टॅक्सीच अडकली. मिस्त्रींनी त्यांना खोक्याजवळ नेलं आणि नऊ व्हॉल्व्ह दाखवले. साहेब मागून डोळ्यांनी नको नको म्हणत होते. बाई खाली बसल्या. एक व्हॉल्व्ह हातात घेऊन पितळी पट्टी वाचली, मग टॅब बघितला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"इथे तर चौदाही नंबर भरलेले आहेत," त्या म्हणाल्या.

"कुणी भरले?"

"यानेच. चासी नंबर घातला की काढलेल्या भागाचा नंबर आपोआप येतो. मी फक्त..." त्यांनी बोट हवेत टेकवून दाखवलं.

"मी फक्त सही करायचो," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी टॅब बंद करून काखेत मारला. मग साहेबांना म्हणाल्या, "मला या खोक्यातून दोषाचे चौदा व्हॉल्व्ह कंपनीत न्यायचे आहेत. माझ्याकडे पाच आहेत. उरलेले नऊ मला इथे भरून द्या. ते कुठल्या गाडीखाली सापडले हे विचारणारा रकाना माझ्या टॅबमध्ये नाही, आणि नसलेला रकाना मी भरत नाही."

साहेबांनी मनातल्या मनात हे वाक्य तीन-चार वेळा उलटसुलट करून पाहिलं असावं. शेवटी म्हणाले, "पण लेखी काही नाही. कुणीच काही लिहायचं नाही. मिस्त्री, तुम्ही विशेषतः."

तेवीस नंबर आधी घेतली. मिस्त्री स्वतः खड्ड्यात उतरले, तारेच्या ब्रशने चिखल खरवडला, बॅटरी धरली. यादीतला नंबर होता. व्हॉल्व्ह उघडला तर आतली रबरी कडी फुगून बाजूला चिकटलेली. थंड असताना निभावून नेत होती, टेकडी उतरून तापली की अडायची. डेपोच्या सपाट अंगणात ती कधी तापलीच नसती. वर मेहुणा खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून बघत होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याची कशाबद्दल काही तक्रार नव्हती. ते मिस्त्रींना जास्त जड गेलं.

शुक्रवार आणि शनिवार असे गेले. गाड्या दोन-दोनने बाहेर पडत होत्या, थांब्यांवर लोक शिव्या घालत होते, साहेब फोनवर "तांत्रिक कारण" एवढे दोनच शब्द बोलत होते. ज्या गाडीत दोषाचा व्हॉल्व्ह निघे तिला खोक्यातला एक जुना, जड, पितळी पट्टीचा लागे आणि काढलेला खोक्यात जाई. शनिवारी दुपारी शेवटची गाडी बघून झाली. खोक्यात तेरा झाले होते.

"एक राहिला," बाई म्हणाल्या.

"सगळ्या बघितल्या," फिटर म्हणाला. "अडुसष्ट."

मिस्त्री ओट्यावर बसले होते. चौदावा कुठे आहे ते त्यांना सकाळपासून दिसायला लागलं होतं, फक्त तो तिथे नसावा असं वाटत होतं. दोन वर्षांपूर्वी डेपोने एक जुनी गाडी विकली होती, गावाबाहेरच्या बिस्किट कारखान्याला, कामगारांची ने-आण करायला. तिचा व्हॉल्व्ह जुन्या बनावटीचा, मजबूत. तो घालवायला मिस्त्रींचा जीव झाला नाही. त्यांनी तो काढून घेतला आणि तिला आठ नंबरच्या गाडीचा, नवा चकचकीत, बसवून दिला. तेव्हा त्यांना आपण मोठे उदार आहोत असंही वाटलं होतं.

"ती गाडी आपली नाही," साहेब म्हणाले. "विकली, संपलं. तिकडे जाऊन बोंब मारलीत तर त्यांचा वकील उद्या इथे येईल. मिस्त्री, ऐका माझं. डेपोतलं डेपोत राहिलं, एवढं पुष्कळ झालं."

"बाई, एक जुना व्हॉल्व्ह घेऊन जातो," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी खोकं त्यांच्याकडे सरकवलं. "मी सोमवारी सकाळपर्यंत आहे."

रविवारी सकाळी मेहुणा स्कूटर घेऊन दारात आला. मिस्त्रींनी त्याला बोलावलं नव्हतं. व्हॉल्व्ह फडक्यात बांधून, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन ते मागे बसले. वाटभर मेहुणा बोलत होता. सीट कडक आहे, पिशवी टोचते, रस्ता नीट नाही, भावजींचं वजन वाढलंय. मिस्त्रींनी एकदाही गप्प बस म्हटलं नाही.

कारखान्याच्या आवारात भाजलेल्या पिठाचा गोड वास भरला होता. गाडी अंगणातच होती, आता पिवळा रंग दिलेली. वाहतूक बघणाऱ्या बाई जाड भिंगाच्या चष्म्याच्या, टेबलावर शिफ्टचे तक्ते पसरून बसलेल्या. त्यांनी मिस्त्रींचं सगळं बोलणं पेन खाली न ठेवता ऐकलं.

"कंपनीचं पत्र कुठे आहे?"

"तुम्हाला पत्र येणार नाही. तुमची गाडी यादीत नाही."

"डेपोचं पत्र?"

"तेही येणार नाही."

"मग तुम्ही कोण?"

"मी ब्रेकचा मिस्त्री. तो व्हॉल्व्ह मी बसवलाय."

"हे बघा, दोन वाजता शिफ्ट सुटते. बेचाळीस बायका आणि वीस-बावीस पुरुष या गाडीने घरी जातात. त्यांना मी काय सांगू? एक गृहस्थ आले, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, फडक्यात काहीतरी बांधून, आणि म्हणाले ब्रेक वाईट आहेत? कारखान्याची गाडी मला तोंडी थांबवता येत नाही. आणि अनोळखी माणसाला तिच्याखाली शिरू देता येत नाही. उद्या तुमच्याच हाताने काही बिघडलं तर?"

"बाई, मी अडतीस वर्षं..."

"तुम्ही चांगलेच असाल. पण माझ्या जागी बसून बघा. लेखी द्या. काय दोष आहे, कुणी लावला, कुठून आला. खाली नाव आणि सही. मग आत्ता गाडी तुमच्या ताब्यात."

त्यांनी एक कोरा कागद पुढे केला, वर कारखान्याचं नाव छापलेला. मेहुणा मिस्त्रींच्या कानाशी आला. "भावजी, लिहू नका. साहेब नोकरीवर उठतील. आपण दोन वाजेपर्यंत थांबू, ड्रायव्हरला गाठू, त्याला समजावू. ड्रायव्हर ड्रायव्हरचं ऐकतो."

"तुझं मी ऐकलं होतं?" मिस्त्री म्हणाले.

मेहुणा बाजूला झाला.

त्यांनी खुर्ची ओढली. तक्रारवहीत दोन शब्दांपलीकडे कधी न लिहिणारा तो हात. पहिली ओळ लिहायला बराच वेळ गेला. आठ क्रमांकाच्या गाडीतून हा व्हॉल्व्ह मी काढला. या गाडीला मी बसवला. तेव्हा नोंद केली नाही. यात दोष आहे, तापल्यावर ब्रेक उशिरा लागतो, गाडी चालवू नये. असंच डेपोतल्या आणखी आठ गाड्यांत मी केलं होतं. हे शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. पण नवाचा हिशेब कुणाला लागणार, आठ वगळले तर, असं त्यांना वाटलं. मग नाव, हुद्दा, सही.

बाईंनी कागद वाचला, चष्मा वर करून एकदा त्यांच्याकडे बघितलं, त्याची एक प्रत काढून त्यांच्या हातात दिली. "ही तुमच्या साहेबांना द्या. मूळ माझ्याकडे राहील."

"हातानेच देतो," मिस्त्री म्हणाले. "पोस्टाने पाच महिने लागतात."

खड्डा नव्हताच. त्यांनी चाकांना लाकडी ठोकळे लावले, टाकीतली हवा सोडली, जमिनीवर पुठ्ठा अंथरला आणि सत्तावन्नाव्या वर्षी पाठीवर सरपटत गाडीखाली गेले. दोन वाजले तेव्हा नंबर वाचून झाला होता आणि वरचा नट गंजून हट्टाला पेटला होता. शिफ्ट सुटली. अंगणात चपलांचा गलका झाला. पुठ्ठ्यावरून त्यांना फक्त पाय दिसत होते, दमलेले, पिठाने पांढरे झालेले, गाडीभोवती जमा होणारे.

"आता हे काय नवीन?" एक बाई म्हणत होती. "घरी जायचं की नाही आज?"

"कुणीतरी मिस्त्री आलाय म्हणे."

"रविवारीच सुचलं त्याला. दोन वर्षं चाललीय ना गाडी नीट."

"आमचा ड्रायव्हर रोज म्हणतो, पुलाच्या उतारावर ब्रेक जरा उशिरा धरतो म्हणून. त्याचं कोण ऐकतं."

"अगं, तो तर कशालाही कुरकुरतो."

गाडीखालून चपटा अंगठा असलेला एक काळा हात बाहेर आला आणि उघडाच राहिला.

"काय हवंय?" मेहुण्याने विचारलं.

"मोठा पाना. आणि तो ड्रायव्हर कोण आहे त्याला इकडे बोलाव. उतारावर नक्की काय होतं ते मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. सगळं. घाई नाही म्हणावं."